सापडलं, नोंदलं नाही

रात्री शटर अर्धं ओढून
मी दुकानाच्या वेबसाइटचा साइटमॅप करायला बसले.
केणी काटे-वजने, तुर्भे.
विक्री, दुरुस्ती, वार्षिक शिक्का मारून मिळेल.

भाची फोनवर म्हणाली, घाबरू नकोस आत्या,
नकाशा नुसता नावाला,
आत साधी यादीच असते.
पानाचा पत्ता, आणि ते शेवटचं कधी बदललं ती तारीख.
म्हणजे वाण्याची चिठ्ठी?
हो, पण कंस बंद करत जा.
एक उघडा राहिला की अख्खी यादी वाया.

मग लिहीत गेले.
होमपेज.
प्लॅटफॉर्म काटे, कांदा-बटाटा मार्केटच्या गाळ्यांसाठी.
सोनाराचे काटे, ज्यांना पंख्याचा वारासुद्धा खपत नाही.
दुरुस्तीचे दर. शेवटचा बदल: गेला मंगळवार.
आमच्याविषयी. शेवटचा बदल:
तीन वर्षांपूर्वीचा जून.

तिथे अजून लिहिलेलं आहे,
पोशा केणी प्रत्येक काटा स्वतः तपासून देतात.
देतात.

आजची टाक तारीख, भाची म्हणाली, लवकर बघतील.
नाही टाकली.
शिक्क्यावर तिमाही खोटी मारली तर
लायसन जातं आमच्या धंद्यात.

बाबा सांगायचे, आपल्याकडे नकाशा आधी आला, शहर मागून.
मोजणीवाले साखळी घेऊन खाडीपर्यंत गेले,
त्यांच्यामागे चुन्याची पिशवी धरून अकरा वर्षांचे बाबा,
दिवसाला दोन रुपये.
आपल्याच शेतात मी सेक्टरच्या रेघा मारल्या गो,
आणि खुश होतो,
रेघ सरळ आली म्हणून.
त्या कागदावर आमचं गाव
म्हणजे मधोमध सोडलेली पांढरी जागा.
नंबर तिला कुणी दिलाच नाही.

चौदा पानं झाली तेव्हा भाची म्हणाली,
एक राहिलंय.
ह्या पानाला कुठूनच लिंक नाही, बाहेरून कुणी पोचणार नाही.
उघडून बघितलं. जुन्या वजनांचं पान.
शेर, पावशेर, छटाक,
आज्याच्या पेटीतले लोखंडी तुकडे,
बाबांनी फडक्यावर मांडून फोटो काढलेले.
विकायचं त्यात काही नव्हतं,
म्हणून मेन्यूत घेतलं नव्हतं. मीच.
पंधरावी ओळ लिहिली. कंस बंद केला.

सबमिट.
पहिल्यांदा आलं, फाइल आणता आली नाही.
पत्त्यात मध्येच एक स्पेस पडली होती.
ती काढली. पुन्हा सबमिट.
मग हिरव्या अक्षरांत, यशस्वी.
तेवढ्यावर मी शटर पूर्ण ओढलं आणि घरी गेले,
जेवण गार झालेलं.

आठवड्याने चौदा पानं नोंदली गेली.
पंधराव्यापुढे लिहून आलं,
सापडलं आहे, सध्या नोंदलेलं नाही.

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
आमच्या घराबद्दल असंच काहीसं सांगतात
वरच्या मजल्यावरच्या खिडकीत,
फाइल चाळून, जांभई दाबून.

शनिवारी दुपारी उरणकडचा एक म्हातारा आला,
पिशवीत गंजलेलं वजन.
कितीचं हाय बघून दे गो, नातवाशी पैज लागलीय.
मी विचारलं, दुकान कुठं सापडलं, मोबाइलवर?
तो म्हणाला, सापडायचं काय त्यात,
नाक्यावर पोशाचं नाव घेतलं.

मग आत डोकावून,
हाय ना पोशा?

मी स्टूल पुढे केलं.
वजन काट्यावर ठेवलं.
आकडे वरखाली होत राहिले,
ते थांबेपर्यंत बोलायचं नाही
असं बाबांनीच शिकवलंय.